आधी गाडीची भूक बघा, मग रेंज

नमस्कार. विजेवरच्या गाड्यांची तुलना सुरू झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एका चार्जमध्ये किती जाते? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर म्हणून माहितीपत्रकात जो आकडा छापतात, तो येतो कुठून ते आधी बघू. डब्ल्यूएलटीपी नावाची चाचणी आहे. ती बंद खोलीत, रोलरवर, २३ अंश तापमानात होते. फेरी अर्ध्या तासाची, साधारण २३ किलोमीटरची. थांबे धरून सरासरी वेग ताशी ४६-४७ किलोमीटर. १३१ चा वेगही त्यात गाठतात, पण अगदी थोडा वेळ. तुम्ही महामार्गावर ताशी ११० ने सलग तीन तास जाणार असाल, तर या चाचणीचा तुमच्या प्रवासाशी फारसा संबंध उरत नाही.

याचं कारण हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून ११० वर गेलात, तर दर किलोमीटरला हवा कापण्यासाठी लागणारी ऊर्जा जवळजवळ १.९ पट होते. पेट्रोलच्या गाडीलाही हाच नियम लागू आहे, पण तिथे बहुतेक ऊर्जा इंजिनच उष्णतेच्या रूपात घालवतं, त्यामुळे हा फरक झाकला जातो. विजेची मोटर काटकसरी असते. तिच्या गाडीत बाहेरचा प्रत्येक खर्च लगेच डोळ्यांत भरतो.

म्हणून माझा आग्रह आहे की दोन गाड्या समोर ठेवल्यात की आधी त्यांची भूक बघा. १०० किलोमीटरला गाडी किती युनिटं खाते? एक उदाहरण करून बघू. एका गाडीत ६० युनिटांची बॅटरी आहे आणि ती १०० किलोमीटरला १५ युनिटं खाते. दुसरीत ८० युनिटांची बॅटरी आहे आणि ती २० खाते. दोघींची रेंज ४०० किलोमीटर. कागदावर बरोबरी झाली. आता दोघींना ५० किलोवॉटच्या चार्जरला लावा. तासाभरात पहिलीला साधारण ३३० किलोमीटरचा पल्ला मिळतो, दुसरीला २५०. घरी ७ किलोवॉटवर लावा, तर रात्रीच्या आठ तासांत पहिली सुमारे ३७० किलोमीटर कमावते, दुसरी २८०. विजेचं बिल दुसरीचं जास्त. वजन जास्त, म्हणून टायरही लवकर झिजणार. हे रोजचं आहे, गाडी विकेपर्यंत चालणारं आहे, आणि रेंजच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

मोठी बॅटरी घेतली की प्रश्न मिटला, असं पुष्कळांना वाटतं. त्याचं टोक बघायचं असेल तर विजेवरची हमर बघा. गाडीचं वजन चार टनांच्या वर, आणि त्यात नुसत्या बॅटरीचंच सुमारे १३०० किलो. म्हणजे बॅटरी वाहून नेण्यासाठीच आणखी बॅटरी. हा मार्ग मला मुळातच पटत नाही.

आता ज्यांची तुलना नेहमी होते त्या दोन गाड्या घेऊ: टेस्ला मॉडेल ३ आणि ह्युंदाई आयोनिक ५. मॉडेल ३ बुटकी, निमुळती. तिचा वायुरोधाचा गुणांक (तो जितका कमी, तितका हवेचा विरोध कमी) ०.२२-०.२३ च्या घरात. आयोनिक ५ उंच, चौकोनी, तिचा ०.२८८. एकाच प्रकारच्या चाचणीत पहिली १०० किलोमीटरला १३-१४ युनिटं खाते, दुसरी १७ च्या आसपास. भुकेच्या कसोटीवर मॉडेल ३ स्पष्टपणे पुढे आहे.

पण आयोनिक ५ कडे ८०० व्होल्टची यंत्रणा आहे. २०१९ मध्ये पोर्शच्या टायकानने ती आणली तेव्हा ती फार महागड्या गाड्यांपुरती होती. २०२१ मध्ये आयोनिक ५ ने ती मध्यम वर्गाच्या गाडीत आणली. व्होल्टेज दुप्पट केलं की तीच शक्ती निम्म्या करंटमध्ये जाते, तारा कमी तापतात. त्यामुळे ही गाडी १० पासून ८० टक्क्यांपर्यंत १८ मिनिटांत भरते. मात्र त्याला ३५० किलोवॉटचा चार्जर हवा. तुमच्या नेहमीच्या वाटेवर ५० किलोवॉटचेच चार्जर असतील, तर ही १८ मिनिटं तुमच्या वाट्याला कधीच येणार नाहीत. टेस्लाच्या ४०० व्होल्टच्या सुपरचार्जरवरही या गाडीला आपला पुरता वेग गाठता येत नाही, कारण व्होल्टेज गाडीतच वाढवून घ्यावं लागतं. तेव्हा गाडी बघण्याआधी वाटेवरचे चार्जर बघून या. हे मी अगदी कळकळीने सांगतो, कारण लोक नेमकं उलट करतात.

आणखी एक गोष्ट. ‘कमाल २५० किलोवॉट’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा तो वेग बॅटरी जवळजवळ रिकामी असताना काही मिनिटंच टिकतो. पुढे तो उतरत जातो. म्हणून कमाल आकडा सोडा आणि १० ते ८० टक्क्यांना किती मिनिटं लागतात ते विचारा.

बॅटरीच्या रसायनाकडे वळतो. ढोबळमानाने दोन घराणी आहेत. निकेल-मँगनीज-कोबाल्ट, म्हणजे एनएमसी: त्याच वजनात जास्त ऊर्जा. आणि लोह-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी: ऊर्जा कमी, पण आयुष्य दांडगं, पेट घेण्याचा धोका कमी, आणि कोबाल्ट नाही, निकेलही नाही. बीवायडी या चिनी कंपनीने २०२० मध्ये ब्लेड बॅटरी आणली ती याच घराण्यातली. लांब, पात्यासारखे सेल थेट पॅकमध्ये, म्हणजे बॅटरीच्या मोठ्या पेटीत बसवून त्यांनी जागा वाचवली आणि ऊर्जेची तूट बरीच भरून काढली. एलएफपीचा दोष कडाक्याच्या थंडीत दिसतो: चार्जिंग मंदावतं. शिवाय तिचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे किती टक्के उरलेत याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकू लागतो. म्हणूनच एलएफपी बॅटरीच्या मॉडेल ३ ला आठवड्यातून एकदा १०० टक्के भरा, असं टेस्ला सांगते. एनएमसीला मात्र रोज शंभर टक्के भरणं मानवत नाही. ८० वर थांबावं.

आणि उष्णता. निसान लीफ २०१० मध्ये आली. पहिल्या पिढीतली साधी, भरवशाची, प्रामाणिक गाडी. मला तिच्याबद्दल आदर आहे. पण तिच्या बॅटरीला पाण्याने थंड करण्याची सोय नव्हती. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उन्हात दोन वर्षांच्या आतच काही गाड्यांची क्षमता घसरलेली दिसली. जुनी लीफ स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांनी ती कुठल्या हवामानात वापरली गेली हे आधी विचारावं, आणि बॅटरीची उरलेली क्षमता मोजून घ्यावी.

रोजच्या वापरातल्या खोडीही बघायला हव्यात. मॉडेल ३ मध्ये चालकासमोर वेगाचा काटा नाही. वेग मधल्या पडद्यावर बघावा लागतो. २०२३ च्या आवृत्तीत तर इंडिकेटरची दांडी काढून स्टिअरिंगवर बटणं दिली. चौकाच्या वळणावर स्टिअरिंग फिरलेलं असताना ते बटण शोधायचं, हे मला गैर वाटतं. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेनेही २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींना हाताला लागणारी कळ असण्याला गुण ठेवले, ते योग्यच झालं. आयोनिक ५ च्या सुरुवातीच्या गाड्यांना मागच्या काचेवर वायपर नव्हता. पावसात मागचं दिसेनासं व्हायचं. शिवाय तिच्यातला चार्जिंग नियंत्रक बिघडून १२ व्होल्टची छोटी बॅटरी भरणं थांबायचं, आणि त्यासाठी २०२४ मध्ये कंपनीला गाड्या परत बोलवाव्या लागल्या. उलट तिच्यातून ३.६ किलोवॉट वीज बाहेर काढता येते. वीज गेली तर घरातला फ्रिज आणि दिवे तिच्यावर चालतात. ही सोय मला १८ मिनिटांच्या चार्जिंगपेक्षा मोलाची वाटते.

माझी निवड विचाराल, तर घरी चार्जिंगची सोय आहे आणि रोजचं जाणं-येणं पन्नास-साठ किलोमीटर आहे, अशा माणसाने मध्यम बॅटरीची, कमी खाणारी एलएफपी गाडी घ्यावी आणि जलद चार्जिंगसाठी पैसे मोजू नयेत. ज्याला सतत लांब जावं लागतं, त्याने मॉडेल ३ आणि आयोनिक ५ या दोन्ही आपल्याच रस्त्यावर, आपल्याच वेगाने, माणसं आणि सामान भरून चालवाव्यात आणि १०० किलोमीटरला किती युनिटं गेली ते पडद्यावरून टिपून घ्यावं.