तीन कोटेशनं आणि एक छोटा हत्ती

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘मोठ्या कंपन्यांमधली उद्योजकता’. पिंपरी-चिंचवडमध्ये या विषयावर बोलायचं म्हणजे धाडसच, कारण समोरच्या निम्म्या मंडळींनी शॉप फ्लोअरवर माझ्यापेक्षा जास्त पावसाळे काढलेत. टेल्कोवाले तर बरेच दिसताहेत. हो, टेल्कोच. टाटा मोटर्स नाव पडून इतकी वर्षं झाली, आपल्या तोंडातून टेल्को काही जात नाही.

मुद्द्यावर येतो, पण आधी एक जुनं दुखणं. कंपनीचं नाव घेत नाही, पेन्शन तिथूनच येते. आमच्या लाइनवर एक फिटर होता. एका कास्टिंगला दोन बाजूंनी भोकं पाडायची असायची. एक बाजू झाली की क्लॅम्प सोडा, जॉब म्हणजे ते कास्टिंग उलटं करा, पुन्हा क्लॅम्प, पुन्हा सेटिंग. या पठ्ठ्यानं मशीनच्या पत्र्यावर खडूनं चित्र काढून दाखवलं: जॉब धरून ठेवणारं फिक्स्चरच फिरतं करू, जॉब सोडायचीच गरज नाही. लागणार होतं काय? दोन बेअरिंगं आणि एक बारचा तुकडा. भोसरीत कुठल्याही दुकानात संध्याकाळपर्यंत मिळाले असते.

इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, टाकला. परचेस म्हणालं, हे बेअरिंग आयटम मास्टरमध्ये, म्हणजे कंपनीच्या वस्तूंच्या यादीत नाही, नवा कोड उघडा. कोडासाठी फॉर्म, फॉर्मवर साहेबांची सही. साहेब म्हणाले, पेबॅक, म्हणजे खर्च किती महिन्यांत वसूल होतो, ते काढून आणा. ते काढलं, तर फायनान्सनं विचारलं, खर्च कुठल्या कॉस्ट सेंटरवर, म्हणजे कुठल्या खात्याच्या नावावर टाकायचा? मेंटेनन्स म्हणालं आमच्यावर नको, प्रॉडक्शन म्हणालं आमच्यावर तर नकोच. मग तीन कोटेशनं! दोन बेअरिंगांना तीन कोटेशनं! (हशा) हसताय तुम्ही, म्हणजे तुमच्याकडेही हेच होतं. शेवटी कोड उघडला, तोवर ते कास्टिंगच बंद झालं होतं. फिटरनं पुन्हा कधी खडू हातात घेतला नाही. यात ‘नाही’ कुणीच म्हणालं नव्हतं, हे लक्षात घ्या. प्रत्येकानं आपापलं काम नियमानं केलं होतं.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं 1975 मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला. साडेतीन किलोंचं धूड, एक काळापांढरा फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद. साहेबलोकांना गंमत वाटली, पण फिल्म विकणाऱ्या कंपनीला फिल्मच नको असलेला कॅमेरा कसा पचणार? 2012 च्या जानेवारीत कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. कल्पना घरातच जन्मली होती, तिला घरात वाली नव्हता.

आता आपल्या गावची गोष्ट. 2000-01 साली ट्रकचा बाजार बसला आणि टेल्कोला सुमारे 500 कोटींचा तोटा झाला. त्या दिवसांत गिरीश वाघ या तिशीतल्या इंजिनिअरकडे छोट्या मालवाहू गाडीचं काम आलं. त्यांची माणसं तीनचाकी टेम्पोवाल्यांशी जाऊन बोलली. एकानं सांगितलं, चारचाकी असली की गावात स्थळं चांगली येतात! सांगा, ही अपेक्षा कुठल्या सर्व्हेच्या रकान्यात बसते? इंजिन म्हणाल तर चार सिलिंडरच्या इंडिका डिझेलचं निम्मं केलं: दोन सिलिंडर, 702 सीसी. वजन पाऊण टन उचलायचं. मे 2005 मध्ये टाटा एस आली. आपल्यासाठी छोटा हत्ती. आज त्यात मंडईचा भाजीपाला असतो, बदलीवाल्यांचं फ्रिज-कपाट असतं, अनंत चतुर्दशीला बाप्पाही असतात. पहिल्या लाख गाड्या विकायला दोन वर्षंही लागली नाहीत.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. म्हणजे खरा विषय आता सुरू होतोय.

झटपट सांगतो. पहिलं, कारण न विचारता खर्च करता येईल अशी थोडी रक्कम आणि थोडा वेळ खालच्या माणसाकडे द्या. थ्रीएम या अमेरिकन कंपनीत तांत्रिक मंडळींना 15 टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवता येतो. तिथल्या स्पेन्सर सिल्व्हरला 1968 मध्ये धड न चिकटणारा गोंद सापडला. त्या गोंदाच्या पिवळ्या चिठ्ठ्या, म्हणजे पोस्ट-इट, अमेरिकाभर विकायला 1980 उजाडलं. बारा वर्षं! पेबॅक मागितला असता तर?

दुसरं, पाठीराखा. वरच्या फळीतला एक माणूस असा हवा, जो परचेसला फोन करून म्हणेल, माझ्या नावावर टाका. इनोव्हेशन सेल, भिंतीवरचे रंगीत कागद, वर्षातून एकदा हॅकेथॉन, हे सगळं त्या एका फोनपुढे फिकं आहे.

तिसरं, परतीची वाट. नव्या प्रकल्पावर गेलेल्या माणसाची जुनी जागा भरून टाकली आणि प्रकल्प फसला, तर पुढच्या वेळी कोण हात वर करेल? टाटा समूहात ‘डेअर टू ट्राय’ नावाचं बक्षीस आहे, प्रामाणिकपणे करून फसलेल्या प्रयत्नांसाठी. बक्षीस चांगलंच आहे. पण माझं म्हणणं, त्या माणसाचं अप्रेझल बघा. प्रमोशन एक वर्षानं लांबलं असेल, तर ट्रॉफी घेऊन त्यानं काय करायचं?

चौथा मुद्दा व्हेंडरांचा होता. तो प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारा.