त्यांच्या फडताळातला डबा

(सोलापुरात मदतकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ८ ऑगस्ट २०२३ला हवाईतल्या माउई बेटावर लाहायना नावाचं गाव जळालं. वाळलेल्या गवतातून वणवा आला, वारं तर असं सुटलेलं की काही तासांत गावाची राख झाली. शंभराच्या आसपास माणसं गेली. तिथल्या जुन्या कोर्टाजवळ एक अवाढव्य वड आहे. तो १८७३ साली लावला, आणि रोप गेलं होतं भारतातून. तो होरपळला, पण पुढं त्याला पालवी फुटली. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत वडाचीच बातमी मोठी आली. मला बोलायचंय ते दुसऱ्या एका बातमीबद्दल, जी आपल्याकडे कुणी फारशी छापली नाही.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातली हॉर्मेल कंपनी 'स्पॅम' नावाचा डबा बनवते. या कंपनीनं माउईला पाच ट्रक भरून स्पॅम पाठवला, अडीच लाखांच्या वर डबे. स्पॅम म्हणजे डुकराचं मांस, मीठ, थोडी साखर, बटाट्याचं स्टार्च असं एकत्र करून डब्यातच शिजवलेली वडी. १९३७ पासून मिळतो. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्याची चेष्टाच जास्त होते. गरिबाचं, लष्करातलं, नाइलाजाचं खाणं म्हणून. त्यामुळे बाहेरच्या माणसाला वाटणारच, की अरे, घरदार जळालेल्या माणसाला हे काय पाठवता?

पण हवाईत वर्षाला सत्तर लाखांच्या आसपास डबे खपतात. लोकसंख्या चौदा लाख. म्हणजे तान्ह्या बाळासकट माणशी पाच डबे! तिथल्या मॅकडॉनल्ड्समध्ये सकाळी भात, अंडं आणि स्पॅम मिळतो.

हे झालं कसं, तर युद्धामुळे. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर बेटांवरच्या जपानी वंशाच्या कोळ्यांना समुद्रात जायची बंदी आली, होड्या जप्त झाल्या. मासळी खाणाऱ्या बेटावर मासळी महागली, आणि लष्कराबरोबर स्पॅमचे डबे येऊन पडले. उसाच्या आणि अननसाच्या मळ्यांत राबायला आलेली जपानी, फिलिपिनो, चिनी, पोर्तुगीज कुटुंबं तिथं होतीच. त्यांनी तो डबा आपापल्या चुलीवर आपलासा केला. जपानी घरात त्याची 'मुसुबी' झाली. स्पॅमची बोटभर जाड चकती कापायची, तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करायची, वरून सोया सॉस आणि साखर, म्हणजे कडेला चिकट तपकिरी थर धरतो. मग साच्यात दाबलेला भात, त्यावर ही चकती, आणि भोवती समुद्री शेवाळाची काळी पट्टी. हातात धरून खायची वस्तू. शाळेच्या डब्यात असते, कोपऱ्यावरच्या दुकानात गल्ल्याजवळ गरम ठेवलेली असते. लाहायनात तर फिलिपिनो वस्ती मोठी. त्यांच्या घरात लसणाचा परतलेला भात, अंडं आणि स्पॅम ही सकाळची न्याहारी. आपला मेतकूट-भात समजा.

आता हे पाच ट्रक का चालले ते बघा. डबा उघडला की खाता येतो, शिजवायची सक्ती नाही. आगीनंतर लाहायनात नळाचं पाणी उकळूनसुद्धा पिऊ नका असा इशारा होता, कारण जळलेल्या पाइपांतून बेन्झीनसारखी रसायनं पाण्यात उतरायची भीती होती. अशा ठिकाणी नुसती तांदळाची पोती पाठवली तर त्यांचं करायचं काय? पण यातला कुठलाही गुण दुसऱ्या कुठल्याही डब्यात सापडेल. स्पॅमचं वेगळेपण हे, की तो हातात पडल्यावर लाहायनाच्या आजीला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

डॉक्टर मंडळी समोर बसली आहेत म्हणून सांगतो. स्पॅमच्या ५६ ग्रॅमच्या तुकड्यात ७९० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला दोन हजारांच्या आत ठेवा. म्हणजे तीन तुकड्यांत कोटा संपला. त्या बेटांवर रक्तदाब, मधुमेह कमी नाहीत. ही हरकत खरी आहे, आणि महिना-दोन महिने निवाऱ्यात राहणाऱ्याला रोज हेच देणं चूकच. पहिल्या आठवड्यात मात्र मी तो हिशोब मांडणार नाही. पुढच्या पोटभर जेवणासाठी तिथं लगेच दुसरी सोय उभी राहिलीच होती. माउईच्या कॉलेजातल्या स्वयंपाकघरात बेटावरचेच शेफ उभे राहिले आणि हजारोंनी ताटं बाहेर पाठवली. त्यातल्या काहींची स्वतःची हॉटेलं आगीत गेली होती.

आणि कुणी म्हणेल, कंपनीनं जाहिरात केली. केली असेल. पण गिऱ्हाईक काय खातं हे माहीत असलेल्या दुकानदाराची मदत आणि गोदाम रिकामं करणाऱ्याची मदत यांत फरक आहे, आणि तो घेणाऱ्याला पहिल्या पेटीत कळतो.

दुसरं उदाहरण जपानचं. १७ जानेवारी १९९५ला पहाटे कोबेला भूकंप झाला. तोचिगी जिल्ह्यातल्या आकिमोतो नावाच्या बेकरीवाल्यानं ट्रकमधून दोनेक हजार पाव पाठवले. ताजे, कुठलंही टिकाऊ रसायन न घातलेले. वाटप होईपर्यंत त्यातले निम्म्याहून जास्त खराब झाले, फेकावे लागले. जपानमध्ये आपत्तीसाठी 'कानपान' नावाची कडक बिस्किटं पूर्वीपासून साठवलेली असतात. ती वर्षानुवर्षं टिकतात, पण म्हाताऱ्यांच्या दातांना फुटत नाहीत. भूकंपग्रस्तांकडून आकिमोतोंना निरोप आला, की कानपानसारखा टिकणारा पण पावासारखा मऊ असा काही करता येईल का? मग त्यांनी डब्यातच पाव भाजायची युक्ती काढली. आतून खास कागद लावायचा, त्यात कणकेचा गोळा, डब्यासकट भाजायचं आणि बंद करायचं. तीन वर्षं टिकतो, आणि उघडला की बेकरीतल्यासारखा मऊ. या पदार्थाची मागणी घेणाऱ्यानं नोंदवली, देणाऱ्याला सुचली नव्हती. पुढं त्यांनी आणखी एक शहाणपणा केला. शाळा आणि कचेऱ्यांनी साठवलेले डबे मुदत संपायच्या वर्षभर आधी परत घ्यायचे, त्यांना नवे द्यायचे, आणि जुने परदेशात उपासमार असेल तिथं पाठवायचे. मुदत उलटलेला डबा दान करायची वेळच येत नाही.

आता आपल्याकडे या. ऑगस्ट २०१९चा सांगली-कोल्हापूरचा पूर. सांगलीत एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही आलेलं सामान लावत होतो. बिस्किटांचे पुडे छतापर्यंत. नूडल्सची खोकी त्याहून जास्त, आणि गॅस कुणाकडे? भाकऱ्या तर गावोगावच्या बायकांनी रात्र रात्र जागून थापलेल्या. त्या भाकऱ्यांबद्दल मी वावगं बोलणार नाही. पण गरम भाकरी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली की तिला घाम सुटतो, दुसऱ्या दिवशी चिकट तार आणि तिसऱ्या दिवशी हिरवी बुरशी. आम्ही पोती पोती भाकरी गुरांपुढेही टाकू शकलो नाही. एका खोक्यात परदेशी टूना माशाचे डबे आले होते, वर ओढायची कडीसुद्धा नाही. एक पोरगा स्क्रूड्रायव्हरनं ठोकत बसला. आणि महिना श्रावणाचा! हॉलमध्ये जैन कुटुंबं, सोमवार धरणाऱ्या बायका, कांदा-लसूण न खाणारी म्हातारी माणसं. त्या दिवशी पहिल्यांदा संपले ते राजगिऱ्याचे लाडू आणि भाजलेले शेंगदाणे. पाठवणाऱ्यानं पंचांग बघितलं होतं की घरात तेच होतं, कोण जाणे.

मदतीची जी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, स्फिअर म्हणतात त्यांना, त्यांत माणशी रोज २१०० कॅलरी धरतात. आपण लोक तेवढाच आकडा पाठ करतो. अन्न तिथल्या लोकांच्या धर्माला, रिवाजाला चालणारं हवं, हे त्याच मानकांत आहे, ते पान कुणी उलटत नाही.

आणि हो, दुकानं उघडी असतील तर पैसेच द्या, माणूस स्वतःची निवड स्वतः करतो. मी बोलतोय ते पहिल्या चार-पाच दिवसांबद्दल, जेव्हा दुकानदाराचंच दुकान पाण्यात असतं.

म्हणून तर मी सोलापुरात आलोय. तुम्ही ज्या वस्तूवर बसला आहात तिची तुम्हाला किंमत नाही. कडक भाकरी! ज्वारीची, पापडासारखी पातळ, पूर्ण वाळवलेली. कोरडी राहिली तर दोन-तीन महिने सहज टिकते. सोबत शेंगाचटणी. गॅस नको, पाणी नको, श्रावणात चालते, ईदला चालते, आणि लसूण न घालता चटणी केली तर जैनांनाही चालते. म्हाताऱ्यांना दूध किंवा आमटी असली की कुस्करून देता येते. कृष्णाकाठच्या माणसाला ती कशी खायची हे शिकवावं लागत नाही. कोकणात पाठवताना मात्र थांबा. चिपळूणच्या माणसाला भात लागतो, तिथं पोहे आणि भाजलेलं पीठ बरं.

अडचण एकच, भाकरीला हवा लागली की ती मऊ पडते आणि ट्रकमध्ये तुकडे होतात. त्यासाठी पत्र्याचे डबे घ्या, बिस्किटांचे जुने चौकोनी चालतील, झाकणाच्या कडेला टेप मारा, आणि वर मोठ्या अक्षरात तारीख लिहा. आणि चटणीवर लसूण आहे की नाही तेही. ऑर्डर जूनच्या पहिल्या आठवड्यात द्या. धरणातून पाणी सोडल्याची बातमी आल्यावर भाकरी करणाऱ्या बायकांना फोन केलात, तर तेव्हा हजार भाकऱ्या वाळवायला ऊन कुठून आणणार? पूर आलाच नाही, तर ऑगस्टअखेर डबे वसतिगृहांना वाटून टाका. पोरं तक्रार करणार नाहीत. चटणी तर आधी संपेल.