शब्द कुणाला द्यायचा?

(आयर्लंडमधल्या आपल्या मराठी मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडे संपादित)

नमस्कार मंडळी.

अध्यक्षताईंनी मला ‘आपली मुलं आणि इथले खेळ’ यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. टिपणंही काढली होती मी. पण वसंत ऋतूपासून आमच्या धाकटीचा एक प्रश्न माझ्या मागे लागलाय. तो बाजूला ठेवून दुसरं काही बोलायला तोंड उघडेना, म्हणून तोच घेऊन आले आहे.

धाकटी बारा वर्षांची. यंदा तिच्या सहावीच्या वर्गाचं कन्फर्मेशन, म्हणजे कॅथलिक मुलांचा श्रद्धा पक्की करण्याचा विधी, झालं. तिचं नव्हतं, पण ती गाणाऱ्या मुलांमध्ये होती, म्हणून आम्हीही चर्चमध्ये जाऊन बसलो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हे पाहिलं असेल. नवे कपडे घातलेली ती सगळी पोरं उभी राहून एका सुरात शब्द देतात, की अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत दारूला शिवणार नाही. परतताना गाडीत धाकटी गप्प होती. राउंडअबाउट आला आणि म्हणाली, “आई, माझ्या मैत्रिणींनी चर्चमध्ये शब्द दिला. दादानं त्याच्या टीमला दिलाय. मी कुणाला द्यायचा?”

मी म्हटलं, “मला दे की.”

तर म्हणाली, “तुला दिला तर तू रागावशील म्हणून पाळल्यासारखं होईल.”

तिथंच माझं उत्तर संपलं. अजून दुसरं सापडलेलं नाही.

तिचा दादा म्हणजे आमचा थोरला, एकोणीस वर्षांचा. कॉलेजात आहे आणि गेल्या वर्षीपासून क्लबच्या सिनियर टीममध्ये गेलिक फुटबॉल खेळतो, हातापायांनी खेळायचा इथला स्वतःचा फुटबॉल. मंगळवारी आणि गुरुवारी रात्री सराव, रविवारी सामना. ज्यांची मुलं खेळतात त्यांना सांगायला नको. चिखलानं जड झालेली बॅग, दारात वाळत पडलेले बूट, खिशात विसरून मशीनमध्ये धुतला गेलेला माउथगार्ड. जर्सी धुण्याची पाळी आमच्याकडे येते तेव्हा पंचवीस-तीस जर्सी दोरीवर घालताना मला एक गोष्ट दरवेळी जाणवते. यातल्या एकाही पोराला एक युरो मिळत नाही.

१८८४ च्या १ नोव्हेंबरला थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात मूठभर माणसांनी हे खेळ चालवणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, काढली, आणि आजही तिथं पगारी खेळाडू नाही. डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियममध्ये ८२ हजार प्रेक्षकांसमोर ऑल-आयर्लंड फायनल खेळणारा मुलगासुद्धा सुट्टी संपली की शाळेत शिकवायला जातो, शेतावर जातो, बांधकामावर जातो. ईएसआरआय या संशोधन संस्थेच्या २०१८ च्या अहवालात काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या संघातल्या, सिनियर खेळाडूंचा हिशोब मांडला होता. खेळापायी आठवड्याला ३१ तासांपर्यंत जातात. नोकरीवर दुसरी नोकरीच ही, तीही बिनपगारी. क्लबमध्ये इतके तास लागत नाहीत, पण रीत तीच.

पगार नसला तर खेळाडूला धरून ठेवायचं कशानं? दंड कापता येत नाही, करार मोडता येत नाही. उरतो फक्त शब्द. म्हणून सीझनमध्ये ‘ड्रिंक बॅन’ असतो. जीएएनं तो लादलेला नाही, प्रत्येक टीम आपला आपण ठरवते. थोरल्याच्या टीमनं जानेवारीत थंडगार ड्रेसिंगरूममध्ये बसून ठरवलं की चॅम्पियनशिपच्या सामन्याआधी दोन आठवडे थेंब नाही. त्यामागे शास्त्र आहेच. दारूनं झोप बिघडते, अंगातलं पाणी कमी होतं, दुखावलेला स्नायू भरून यायला वेळ लागतो. पण थोरला मला म्हणाला, “आई, स्नायूसाठी कुणी पाळत नाही गं. शेजारी बसलेला पाळतोय, म्हणून पाळायचं.”

मागच्या महिन्यात त्यांच्यातला एक बॅकला खेळणारा मुलगा शनिवारी लग्नाला गेला आणि प्यायला. कुणी पाहिलं नव्हतं. रविवारी ड्रेसिंगरूममध्ये त्यानंच सांगून टाकलं. मॅनेजर ओरडला नाही. चार नंबरची जर्सी त्याच्यासमोरून उचलली आणि दुसऱ्याच्या हातात दिली. साठ मिनिटं तो पोरगा साइडलाइनवर पाण्याच्या बाटल्या भरत उभा होता. सामना संपल्यावर गोलच्या जाळ्या सोडायला पहिला तोच पळाला. मी कठड्याशी उभी राहून हे सगळं पाहत होते, आणि मला माझी पेठ आठवत होती.

कोल्हापूरकर मंडळी, तुम्हाला कळेल मी काय म्हणतेय ते. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला पाटाकडील आणि शिवाजी हे आपले संघ समोरासमोर आले की आपल्या घरांत कुकर उशिरा लागायचा. ज्या पेठेत जन्मलो तिच्यासाठी खेळायचं, तसंच इथं ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावात, वाढलो तिच्यासाठी. मुलगा सिनियरला आला तेव्हा शेजारच्या आजोबांनी माझा हात हातात घेऊन “आपला पोरगा” म्हटलं होतं. वीस वर्षांत या गावात मला इतकं आपलं कधी वाटलं नव्हतं.

आता जुलैमधली गोष्ट. आपल्यातल्याच एका घरी बार्बेक्यू होता. नाव घेत नाही, कारण ते घर माझंही असू शकलं असतं. एका काकांनी प्रेमानं थोरल्याच्या हातात बिअरचा कॅन दिला. “घे रे, मोठा झालास आता. बाबांसमोर लाजू नको.”

“नको काका, रविवारी मॅच आहे.”

“एका बिअरनं काय होतंय?”

“नको, खरंच.”

“आयर्लंडमध्ये वाढलास आणि पीत नाहीस? अरे, लोक काय म्हणतील!”

सगळे हसले. मीही हसले, आणि ते हसणं मला अजून टोचतं.

रात्री घरी यावरून बोलणं वाढलं. त्याचे बाबा म्हणाले, “काकांनी आपुलकीनं दिलं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?” थोरला म्हणाला, “बाबा, मॅच संपली की आम्ही सगळे पबमध्येच जातो. मी रॉक शँडी घेतो, त्यात दारू नसते. कुणी विचारलं तर ‘आय ॲम ऑफ इट’, सध्या घेत नाही, एवढंच म्हणतो, आणि विषय तिथं संपतो. आपल्या लोकांत मला तीनदा नाही म्हणावं लागलं.”

मंडळी, दारूसाठी जगभर नावाजलेल्या या देशात पबमध्ये एका शब्दात जे मिटतं, ते आपल्या बार्बेक्यूत तीनदा सांगूनही मिटलं नाही. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत दारू नसते, याचा मला अभिमान आहे. पण कार्यक्रमानंतर जे गटागटानं कुणाच्या तरी घरी जमतात, तिथं काय चालतं ते या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि मुलांनाही. पोरं जिन्यावर बसून सगळं ऐकतात. जो पीत नाही त्याला आपण कारण विचारतो. औषध चालू आहे का, उपास आहे का, बायकोनं बंदी घातलीय का? आणि पाजणाऱ्याला मात्र आपण दिलदार म्हणतो. माझं एवढंच मागणं आहे, हात जोडून. पोरानं एकदा ‘नको’ म्हटलं की दुसऱ्यांदा विचारू नका. पुढच्या महिन्यात गणपती येताहेत. तेव्हापासून सुरुवात करू.

पण इथल्या लोकांचं सगळं चांगलं आणि आपलं सगळं वाईट, असं सांगायला मी उभी राहिलेले नाही. तसं असतं तर धाकटीच्या प्रश्नाचं उत्तर सोपं झालं असतं. या देशाची दारूशी झुंज जुनी आहे. डब्लिनच्या ओ’कॉनल स्ट्रीटवर फादर मॅथ्यूंचा पुतळा आहे. त्यांनी १८३८ मध्ये कॉर्कमध्ये न पिण्याच्या शपथा द्यायला सुरुवात केली आणि लाखो लोकांनी त्या घेतल्या. तरीही १९९५ पासून २०१३ पर्यंत हर्लिंगच्या, म्हणजे जीएएच्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, ऑल-आयर्लंड स्पर्धेवर गिनेस बिअरचं नाव होतं. आता २०२१ पासून कायद्यानं मैदानावर दारूच्या जाहिरातीला मनाई आहे. देश एका हातानं सोडवतो आणि दुसऱ्या हातानं धरतो, आणि आमच्या घरातही मी तेच पाहिलं.

गेल्या ऑक्टोबरात थोरल्याची टीम सेमी-फायनलला एका पॉइंटनं हरली. सीझन संपला. रविवारी संध्याकाळी सगळे क्लबमध्ये गेले. सोमवारीही तिथंच. मंगळवारी पहाटे बाथरूमचा दिवा चालू दिसला म्हणून मी उठले. तो फरशीवर भिंतीला टेकून बसला होता, अंगात अजून क्लबचाच जॅकेट. तोंड पांढरं पडलं होतं. मी ओला नॅपकिन घेऊन त्याच्यापाशी बसले. तो म्हणाला, “आई, आता बंदी नाही ना.” अठरा वर्षांचा होता तेव्हा. आठ महिने इतकी शिस्त पाळणारा मुलगा दोन दिवसांत सगळं भरून काढत होता, आणि त्याच्याबरोबर टीममधली निम्मी पोरंही. इथं हे सगळ्यांना ठाऊक आहे. सीझनभर हात आखडलेला असतो आणि सीझन संपला की मोकळा सुटतो. काही मॅनेजर म्हणूनच आता बंदी घालत नाहीत. मोठी माणसं आहात, तुमचं तुम्ही ठरवा, असं म्हणतात. त्यानं फरक पडतो का, ते मला अजून दिसायचंय.

त्या पहाटे मला माझे मामा आठवले. मामा तालमीत होते. पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग दूध, बदाम, थंडाई. वस्तादांच्या शब्दाबाहेर पाऊल नाही. लग्नाच्या पंगतीत कुणी बाटलीचं नाव काढलं तर मामा उठून जायचे. लहानपणी मला वाटायचं, यांच्यासारखा निर्व्यसनी माणूस जगात नाही. मग गुडघा गेला. कुस्ती सुटली, तालीम सुटली, वर्षभरात वस्तादही गेले. त्यानंतर मामांनी ज्याला शब्द द्यावा असं कुणी उरलं नाही. पन्नाशी गाठली नाही त्यांनी. आजीनं त्यांचा लंगोट शेवटपर्यंत ट्रंकेत घडी करून ठेवला होता.

म्हणून धाकटीचा प्रश्न मला लहान मुलीचा प्रश्न वाटत नाही. मैत्रिणींचा शब्द अठराव्या वाढदिवसाला संपतो. दादाचा ऑक्टोबरात संपतो. मामांचा वस्तादांबरोबर गेला. आणि आपल्यात तर तो मागणारंच कुणी नाही.

परवा मंगळवारी रात्री पावणेदहाला थोरला सरावाहून आला. मागच्या दारात बसून धाकटी जुन्या चमच्यानं त्याच्या बुटांचा चिखल खरवडत होती. तेवढ्या कामाचे तो तिला पन्नास सेंट देतो. मी आत जर्सी मशीनमध्ये भरत होते. धाकटी म्हणाली, “दादा, यंदा ऑक्टोबरनंतर काय करणार?”

तो म्हणाला, “ऑक्टोबर लांब आहे अजून.”

“मी दिवस मोजलेत,” ती म्हणाली, आणि दुसरा बूट उचलला.