कोळंबीची उडी आणि कुत्र्याचा चावा

नमस्कार मंडळी. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पार पनवेलपर्यंत जे कोणी ऐकताय त्या सगळ्यांना नमस्कार. आपल्या खाडीचा विषय निघाला की सगळे फ्लेमिंगोवर येतात, मी आज कोळंबीवर येणारे, माकुलवर, म्हणजे स्क्विडवर येणारे आणि शेवटी गल्लीतल्या कुत्र्यावर, कारण विषय आहे नर्व्हजचा. मेंदू आणि मेरुरज्जू सोडून बाकी अंगभर ज्या नर्व्हज पसरलेल्या असतात ना, शाळेच्या पुस्तकात जिला परिघीय चेतासंस्था म्हणतात आणि जी आपण परीक्षेपुरती पाठ करतो न विसरतो, ती.

पाठांतराचा भाग पटकन उरकू. माणसात मेंदूतून १२ जोड्या निघतात, मेरुरज्जूतून ३१. बेडकात मेरुरज्जूच्या साधारण १०. पण मासा घ्या, गाय घ्या, नाहीतर आपण स्वतः, मांडणी ढोबळमानाने तीच, पाठीकडच्या मुळातून बातमी आत येते आणि पोटाकडच्या मुळातून हुकूम बाहेर जातो. फ्रान्समध्ये माजांदी नावाच्या शास्त्रज्ञाने १८२२ साली कुत्र्याच्या पिल्लांवर हे करून दाखवलं, आणि ते बघवणार नाही असंच होतं, तेवढं सांगून पुढे जातो. हृदय, आतडी, घाम वगैरे आपल्याला न विचारता चालवणारी जी शाखा आहे ती वेगळी, तिला एक अख्खा कार्यक्रम लागेल.

मला आज बोलायचंय ते स्पीडवर. कारण नर्व्हचं काम काय तर निरोप पोचवणं, आणि निरोप उशिरा पोचला तर प्राणी दुसऱ्याच्या पोटात. एके काळी मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणायचे की हा स्पीड मोजताच येणार नाही, इतका तो प्रचंड असणार. म्युलर नावाचे जर्मन प्रोफेसर त्यातलेच. मग त्यांच्याच विद्यार्थ्याने, हेल्महोल्ट्झने, १८५० च्या सुमारास बेडकाच्या पायाची नर्व्ह घेतली, तिला एकदा स्नायूजवळ आणि एकदा लांबून करंट दिला, स्नायू आखडायला दोन्ही वेळेला किती वेळ लागला त्यातला फरक काढला, आणि उत्तर आलं सेकंदाला २७ मीटरच्या आसपास. म्हणजे ताशी शंभर किलोमीटरसुद्धा नाही! लोकांना ते झेपलंच नाही आधी.

आता स्पीड वाढवायचा कसा? एक मार्ग, नर्व्हमधले निरोप नेणारे तंतू जाड करा, आतून विजेला अडथळा कमी होतो. माकुलने हेच केलंय. तुम्ही ज्या रिंगा तळून खाता ना, ते त्याचं बाहेरचं मांसल आवरण, ते एकदम आवळून पाण्याची पिचकारी मारत तो उलटा पळतो. त्या आवरणात जाणारे तंतू जवळपास १ मिलिमीटरपर्यंत जाड असू शकतात, नुसत्या डोळ्यांना दिसतील असे, आपले सगळ्यात जाड तंतू त्याच्या जेमतेम पन्नासाव्या हिश्श्याएवढे. आणि मला सगळ्यात आवडतं ते पुढचं, आवरणाचा जो भाग सगळ्यात लांब त्याला सगळ्यात जाड तंतू, जवळच्याला बारीक, म्हणजे निरोप सगळीकडे साधारण एकाच वेळी पोचतो आणि अख्खं आवरण एका झटक्यात आवळतं. नाहीतर अर्धं आधी, अर्धं नंतर, पिचकारीचा नुसता फुसका बार. यंग नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये या जाड तंतूंकडे लक्ष वेधलं, मग हॉजकिन आणि हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञांनी त्याच तंतूत इलेक्ट्रोड, म्हणजे वीज मोजायची बारीक तार घालून नर्व्हमधून निरोप जातो म्हणजे नेमकं काय होतं, सोडियम आत, पोटॅशियम बाहेर, हे सगळं गणितासकट मांडलं. १९६३ चं नोबेल. चेंदणी कोळीवाड्यात नाहीतर दिवाळे गावात माकुल घेताना भाव जरूर करा, पण एवढं लक्षात असू द्या.

दुसरा मार्ग आपला. तंतूवर मायलिन नावाचं चरबीदार वेष्टन आणि त्यात ठरावीक अंतरावर मोकळ्या जागा. निरोप त्या मोकळ्या जागांवरच ताजा होतो, मधलं अंतर झपकन कापतो, आता ठाण्याच्या माणसाला फास्ट लोकल काय समजावून सांगायची. यामुळे आपल्या चांगल्या नर्व्हज सेकंदाला १०० मीटरच्या वर जातात, तेसुद्धा माकुलसारखं जाड न होता.

आणि कोळंबीने दोन्ही केलंय, जाडीही आणि वेष्टनही, आणि तेही आपल्यापासून पूर्ण स्वतंत्रपणे! काही कोळंब्यांमध्ये सेकंदाला २०० मीटरच्या आसपास स्पीड मोजला गेलाय, माहीत असलेल्या प्राण्यांत सगळ्यात फास्ट. हा फास्ट तंतू काटेकोर बोलायचं तर मधल्या मुख्य दोरातला, म्हणजे चेतारज्जूतला, परिघातला नाही, पण शेपटी दुमडून मागे उडी मारायचा हुकूम त्यातूनच निघतो आणि मग बाहेरच्या नर्व्हजमधून शेपटीच्या स्नायूंना जातो. बरं, आपण पाठीतून जो काळा दोरा काढतो ते आतडं हं, चेतारज्जू पोटाच्या बाजूने जातो.

आता उलटी गंमत, सगळंच फास्ट नसतं. उंबऱ्याला ठेच लागली की टक्कर लगेच कळते, पण तो ठणका मागून येतो, कारण ठणक्याचे तंतू बारीक, वेष्टन नाही, सेकंदाला १ मीटर वगैरे. मे महिन्यात पाम बीच रोडवर कुत्र्याचा पाय तापलेल्या डांबरावर पडला तर पाय उचलायचा निर्णय मेरुरज्जूतच होतो, मेंदूला नंतर कळतं.

कुत्र्याचं नाव निघालंच आहे तर नर्व्हमधून जाणारी खूप हळू आणि सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो, रेबीज. हा विषाणू रक्तातून नाही जात, चावलेल्या जागी नर्व्हच्या टोकातून आत शिरतो आणि तंतूच्या आतून, पेशीची स्वतःची जी मालवाहतूक चालू असते तिलाच लटकून, मेंदूकडे निघतो, दिवसाला मिलिमीटर-सेंटिमीटरच्या हिशोबात. पायाला चावलं तर रस्ता लांब, चेहऱ्याला किंवा मानेला चावलं तर अगदी जवळ. लक्षणं यायला बऱ्याचदा दोन-तीन महिने जातात, कधी आठवडा, कधी वर्ष, आणि या मधल्या वेळामुळेच चावल्यानंतर घेतलेली लस उपयोगी पडते. एकदा लक्षणं दिसली की मग जवळपास काहीच हातात राहत नाही. म्हणून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली १५ मिनिटं धुवायची, हळद, मिरची, चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना. खोल जखम असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळं इंजेक्शनही देतात, त्याला घाबरून नाही म्हणू नका.

मेंदूत पोचलेला विषाणू परत नर्व्हजमधूनच बाहेर लाळग्रंथींकडे येतो, आणि कुत्रा आजारी दिसायच्या थोडे दिवस आधीच लाळेत असू शकतो. त्यामुळेच चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवायला सांगतात. पण कुत्रा धडधाकट दिसतोय, बघू १० दिवस, म्हणून पहिला डोस लांबवायचा नाही, तो आधी घ्यायचा, कुत्र्यावर लक्ष नंतर ठेवत बसा.