तिजोरीत 32.7 अब्ज डॉलर शिल्लक, तरी शाळा तोट्यात : टेक्ससचा हिशेब

नमस्कार मंडळी.

एप्रिल आला की डॅलसच्या उत्तरेकडे राहणाऱ्या आमच्या मराठी घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय असतो. अप्रेझलची, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्ससाठी घराची किंमत ठरवल्याची, नोटीस आली का? घराची किंमत किती लावली? प्रोटेस्ट, म्हणजे त्या किमतीवरची हरकत, स्वतः करायची की कुणाला तरी द्यायची? 15 मेची मुदत जवळ आलेली असते, त्यामुळे सगळे घाईत. आणि त्याच ग्रुपवर अधूनमधून दुसऱ्या तऱ्हेचे मेसेज येतात. शाळेत यंदा लायब्ररियन नाही. वर्गात चार मुलं जास्त घेतली. अमुक बाई नोकरी सोडून गेल्या.

शाळेसाठीचा घरावरचा टॅक्स एवढा वाढतोय, मग शाळेकडे पैसे का नाहीत, हा प्रश्न मला गेल्या दोन वर्षांत कितीतरी जणांनी विचारला. आज त्याचं उत्तर देते. त्यासाठी 2023 सालात जावं लागेल.

[पडद्यावर : जानेवारी 2023, 32.7 अब्ज डॉलर]

टेक्ससचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा भरतं, विषम सालात, 140 दिवसांसाठी. अधिवेशनाच्या तोंडावर राज्याचा कंट्रोलर, म्हणजे मुख्य हिशेबनीस, पुढच्या दोन वर्षांत किती पैसा हाताशी असेल ते जाहीर करतो. जानेवारी 2023 मध्ये तेव्हाचे कंट्रोलर ग्लेन हेगर यांनी आकडा सांगितला : 32.7 अब्ज डॉलर शिल्लक. आपल्या भाषेत 3,270 कोटी डॉलर. आणि यात अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेला ‘रेनी डे फंड’ धरलेला नाही, तो वेगळा.

एवढा पैसा उरला कसा? टेक्ससमध्ये वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही. राज्याचा मोठा आधार म्हणजे विक्रीकर, आणि त्याच्या जोडीला तेल आणि गॅसवरचा कर. महामारीनंतर महागाई वाढली. पन्नास डॉलरची वस्तू साठची झाली की तिच्यावरचा विक्रीकरही वाढतो. तेल महागलं, तोही कर वाढला. केंद्राकडून महामारीची मदत आली होती, त्यामुळे राज्याचा काही खर्च वाचला.

आता शाळेकडे या. शाळेला प्रत्येक मुलामागे मिळणाऱ्या पायाभूत रकमेला ‘बेसिक अलॉटमेंट’ म्हणतात. 2019 मध्ये ती 6,160 डॉलर ठरली. 2023 मध्ये किती होती? 6,160. दरम्यान अमेरिकेतली महागाई सुमारे 19 टक्क्यांनी वाढलेली. बसचं डिझेल, विमा, कँटीनचं दूध, सगळं वर गेलं आणि हा आकडा जागचा हलला नाही. ज्या महागाईने राज्याची तिजोरी भरली, त्याच महागाईने शाळांना पोखरलं. माझ्या दृष्टीने या सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. घरखर्चाला दिलेले पैसे चार वर्षं वाढवायचे नाहीत आणि वर्षअखेरीला यंदा बरेच पैसे वाचले म्हणायचं, हा हिशेब कुठल्याही घरात कुणी मान्य करणार नाही.

अजून एक गोष्ट, आणि ही नीट ऐका, कारण प्रोटेस्टचा आणि शाळेचा संबंध इथेच लागतो.

[पडद्यावर : 100 = 60 + 40]

समजा सूत्रानुसार तुमच्या आयएसडीला, म्हणजे शाळा-जिल्ह्याला, 100 रुपये देणं लागतं. त्यातले 60 तुमच्या आमच्या प्रॉपर्टी टॅक्समधून गोळा झाले तर उरलेले 40 राज्य घालतं. पुढच्या वर्षी घरांच्या किमती चढल्या आणि स्थानिक करातून 70 आले. शाळेला 110 मिळतील असं आपल्याला वाटतं ना? नाही मिळत. शाळेचे 100 ते 100च. राज्य आता 30 घालतं. वरचे 10 राज्याचे वाचले. तुम्ही जास्त भरलं, शाळेला एक पैसा जास्त मिळाला नाही, आणि राज्याच्या शिलकेत भर पडली. 100 चा आकडा वाढवायचा तर बेसिक अलॉटमेंट वाढवावी लागते, आणि ते फक्त विधिमंडळ करू शकतं.

काही आयएसडींमध्ये तर स्थानिक करच 100 च्या वर जातो. तो वरचा पैसा राज्य काढून घेतं, त्याला ‘रिकॅप्चर’ म्हणतात. आमच्या शेजारचं प्लेनो हे त्यातलं एक. अनेक वर्षं कोट्यवधी डॉलर राज्याला देणाऱ्या प्लेनोच्या बोर्डाने 2024 मध्ये चार शाळा बंद करायचा निर्णय घेतला. मुलं कमी झाली हे त्यामागचं मोठं कारण, तेही सांगायला हवं. पण पैशाची ओढाताण होतीच.

रिकॅप्चरला नावं ठेवणारी आपली मंडळी पुष्कळ आहेत. म्हणून ते आलं कुठून ते थोडं सविस्तर सांगते.

सॅन अँटोनियोच्या पश्चिमेला एजवूड नावाची वस्ती आहे, बहुतांश मेक्सिकन वंशाच्या कामगारांची. मे 1968 मध्ये तिथल्या हायस्कूलची मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. इमारत मोडकळीला आलेली, बऱ्याच शिक्षकांकडे पूर्ण प्रमाणपत्र नाही. दिमित्रियो रॉड्रिगेझ आणि इतर पालक कोर्टात गेले. त्या खटल्यातले आकडे मला पाठ झालेत. एजवूडचे लोक दर 100 डॉलर मालमत्तेमागे 1.05 डॉलर कर भरायचे, त्या शहरातला सगळ्यात चढा दर. त्यातून मुलामागे जमायचे 26 डॉलर. त्याच शहरातल्या श्रीमंत अलामो हाइट्समध्ये दर होता 85 सेंट, आणि जमायचे 333 डॉलर. जास्त दराने कर भरून बाराव्या हिश्श्याहून कमी पैसा! 1973 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी हा खटला फेटाळला : देशाच्या घटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क नाही म्हणून.

पण टेक्ससच्या स्वतःच्या 1876 च्या घटनेत सातव्या कलमात लिहिलंय की मोफत सार्वजनिक शाळांची कार्यक्षम व्यवस्था उभी करणं आणि चालवणं हे विधिमंडळाचं कर्तव्य आहे. एजवूडने त्या कलमाच्या आधारावर पुन्हा लढा दिला आणि 1989 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यातून 1993 मध्ये रिकॅप्चर आलं. एजवूडच्या मुलांना प्लेनोच्या मुलांएवढं मिळावं यासाठी मी माझा वाटा आनंदाने देईन. माझा राग त्या 100 च्या आकड्यावर आहे. तो गोठवून ठेवला की गरीब आणि श्रीमंत दोन्ही आयएसडी एकत्र खाली जातात.

तर 32.7 अब्जांचं झालं काय? सुमारे 18 अब्ज प्रॉपर्टी टॅक्सच्या सवलतीला गेले. होमस्टेड एक्झेम्प्शन, म्हणजे राहत्या घराच्या किमतीतला करमाफ भाग, 40,000 वरून 1,00,000 डॉलरवर नेलं. नोव्हेंबर 2023 मध्ये सुमारे 83 टक्के मतदारांनी त्याला होकार दिला. माझ्याही घराचा टॅक्स कमी झाला, आणि निवृत्त माणसांना ठरावीक उत्पन्नात घर टिकवायला याचा खरा उपयोग झाला. भाड्याने राहणाऱ्यांना मात्र या एक्झेम्प्शनचा थेट फायदा नाही.

इथे एक गफलत होते. ही सवलत शाळेच्या करावरची. तुम्ही आम्ही कमी भरलेले पैसे राज्य शाळेला भरून देतं. त्यामुळे कागदावर राज्याचा शिक्षणावरचा खर्च एकदम फुगलेला दिसतो. पण शाळेला आधी आपल्याकडून मिळणारा डॉलर आता राज्याकडून मिळाला, एवढाच फरक. वर्गात नवी बाई आली नाही. यापुढे कुणी शिक्षणावर विक्रमी खर्च केला असं सांगितलं तर त्यातला सवलतीचा भाग किती, हे विचारा.

शाळांसाठीही सुमारे 4 अब्ज बाजूला ठेवले होते. ते अडकले खासगी शाळांच्या फीला सरकारी पैसा देण्याच्या, म्हणजे व्हाउचरच्या वादात. गव्हर्नर ग्रेग अॅबट यांना व्हाउचर हवं होतं आणि शाळांचा निधी त्याच विधेयकाला बांधला गेला. 17 नोव्हेंबर 2023 ला हाउसने, म्हणजे विधिमंडळाच्या खालच्या सभागृहाने, 84 विरुद्ध 63 मतांनी व्हाउचरचा भाग वगळला. अॅबटांच्याच पक्षाचे 21 सदस्य विरोधात गेले. त्यांच्यातले अनेक खेड्यापाड्यांचे प्रतिनिधी होते, जिथे सरकारी शाळा हीच गावातली एकमेव शाळा. मग पूर्ण विधेयकच बारगळलं. तिजोरीत पैसा आणि शाळा तोट्यात, अशी दोन वर्षं गेली.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा. शिल्लक एकदाच येते, पगार दरवर्षी द्यावा लागतो, तेलाचा भाव पडला की पैसे कुठून आणणार? मुद्दा खरा आहे. बोनसच्या भरवशावर कुणी घराचा हप्ता वाढवत नाही.

पण हाच प्रश्न करसवलतीला कुणी विचारला का? ती पण दरवर्षीच द्यावी लागते. 2023 च्या 18 अब्जांतले 5 अब्जांहून जास्त तर 2019 ची जुनी सवलत चालू ठेवण्यासाठीच लागले होते. 2025 मध्ये जुन्या आणि नव्या सवलती मिळून दोन वर्षांचा आकडा 51 अब्जांच्या आसपास पोहोचला. म्हणजे कायमचा खर्च शिलकीच्या जोरावर उचलायची राज्याची तयारी आहे. ती शाळेच्या वाटणीला येत नाही, एवढंच.

त्याच 2023 मध्ये मिनेसोटा राज्याकडे 17.5 अब्ज उरले होते. त्यांनी शाळांची मूळ रक्कम पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी 2 टक्क्यांनी वाढवली, पुढची वाढ महागाईशी जोडली आणि सगळ्या मुलांचं शाळेतलं जेवण मोफत केलं. 2025 मध्ये तिथे पुढच्या काही वर्षांत तूट येईल असा अंदाज होता, जेवणाचा खर्चही अपेक्षेपेक्षा वाढला. त्यामुळे तिथलं सगळं जसंच्या तसं उचला असं मी म्हणणार नाही. पण महागाईशी जोडणी ही गोष्ट मला हवी आहे. विक्रीकर महागाईबरोबर आपोआप वाढतो, तर बेसिक अलॉटमेंटसुद्धा आपोआप वाढायला हवी. त्याने जो खर्च येईल तो आधी धरा. त्यानंतर जे उरेल त्याला शिल्लक म्हणा, आणि मग त्या शिलकीतून बस घ्या, गळकी छपरं दुरुस्त करा, सवलतही द्या.

2025 मध्ये हालचाल झाली, ती लपवणार नाही. शाळांसाठी 8.5 अब्जांचं विधेयक आलं, आणि पाच किंवा जास्त वर्षं नोकरी झालेल्या शिक्षकांना 5,000 डॉलर, छोट्या आयएसडीत 8,000 डॉलर पगारवाढ मिळाली. मला मनापासून बरं वाटलं. व्हाउचरही त्याच साली 1 अब्ज डॉलर घेऊन मंजूर झालं. आणि बेसिक अलॉटमेंट? ती 55 डॉलरने वाढली. 6,160 ची 6,215 झाली.

[पडद्यावर : 6,160 → 6,215]

पुढचं अधिवेशन जानेवारी 2027 मध्ये आहे. आपल्यातले जे नागरिक आहेत, त्यांनी आपल्या राज्य प्रतिनिधीच्या ऑफिसात फोन करून एकच विचारा : 6,215 महागाईशी जोडणार का, हो की नाही. ज्यांच्याकडे अजून ग्रीन कार्डच आहे किंवा जे व्हिसावर आहेत, त्यांना मत नाही, पण टॅक्स तर ते भरतातच आणि आयएसडीच्या बोर्ड मीटिंगमध्ये बोलायला नागरिकत्व लागत नाही. नाव नोंदवायचं, वेळ ठरलेला असतो, बहुतेक ठिकाणी दोन-तीन मिनिटं मिळतात. बजेट मंजूर करण्याआधी प्रत्येक आयएसडीला जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. आमच्याकडच्या गेल्या सुनावणीला मी गेले होते. हॉलमध्ये पन्नासेक खुर्च्या होत्या, आणि पालक आम्ही सहा जण.