कुंपणच शेत खातं तेव्हा

मिरज स्टेशन, सकाळची वेळ. कवठेमहांकाळ, जतकडची माणसं काखेत तपासण्यांच्या फायली धरून दवाखान्यांच्या दिशेनं निघालीत.

माझी आत्याही अशीच आली होती, तासगावहून. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीत तिचे पाय सुजायला लागले. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. उभं राहून होत असेल, असं सगळे म्हणाले. लघवीला फेस येतो, हे तिनं लाजेपोटी महिनाभर सांगितलंच नाही. शुगर नाही, बीपी नाही. किडनीच्या बायोप्सीत निघालं ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार.

एका किडनीत साधारण 10 लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला जवळपास 180 लिटर द्रव गाळतात, त्यातला दीड-दोन लिटरच लघवीवाटे जातो. या गाळण्यांवर शरीराचे राखणदारच तुटून पडतात, हे समजायला उंदरांची मोठी मदत झाली. न्यूझीलंडच्या काळ्या आणि पांढऱ्या जातीच्या उंदरांचा संकर केला. त्या पिल्लांच्या किडन्या काही न टोचता, आपोआप बिघडतात, असं 1963 मध्ये संशोधकांनी नोंदवलं. माद्यांच्या किडन्या नरांपेक्षा लवकर बिघडतात, बहुतेक माद्या वर्षभरात दगावतात. माणसांतही ल्युपसच्या 10 रुग्णांत सुमारे 9 बायकाच.

या उंदरांच्या रक्तात स्वतःच्याच डीएनएवर उठलेल्या अँटिबॉडी असतात. त्यांचे पुंजके गाळणीत साचतात, कॉम्प्लिमेंट नावाची, जंतूंशी लढणारी प्रथिनं चेतवली जातात, पांढऱ्या पेशी धावून येतात. जंतू तिथं नसतोच, मार बसतो गाळणीला. मग रक्तातलं प्रथिन लघवीत उतरतं. आत्याला दिसलेला फेस त्याचाच.

आमच्या घरी मात्र काढे उकळत होते. येईल तो सांगायचा, प्रतिकारशक्ती वाढवा. ती दाबायच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा आजी डॉक्टरांना म्हणाली, "पोरगी आधीच वाळलीय, अन् तुम्ही तिची ताकदच मारताय व्हय?"

तिची भीती खोटी नव्हती. या गोळ्यांवर असताना साधा तापही अंगावर काढता येत नाही. पण 1960च्या दशकातच सायक्लोफॉस्फमाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलेले हेच उंदीर जास्त जगले होते. उंदराला लागू पडलेलं प्रत्येक औषध माणसाला लागू पडत नाही, हे मात्र पडलं, आणि आजही वापरात आहे.

काढे बंद झाले. आत्या अजून दर महिन्याला मिरजेला येते. रिपोर्ट हातात पडला की आधी प्रोटीनचा आकडा बघते, मग एसटी पकडते.