सेंट पॉल कॉलेजातलं कपेल

नमस्कार, श्रोतेहो.

जुन्या गोव्याला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, काय पाहिलंत? बॉम जेझूस पाहिलं, समोरचं से कॅथेड्रल पाहिलं, वेळ होता म्हणून म्युझियमही पाहिलं. आज मी ज्या कपेलाबद्दल, म्हणजे छोट्या चर्चबद्दल, बोलणार आहे, ते मात्र सहसा कुणी पाहिलेलं नसतं. गांधी सर्कलवरून फोंड्याच्या बाजूला निघालं की रस्त्याकडेला एक कमान एकटीच उभी दिसते. मागे भिंत नाही, वर छप्पर नाही. ती सेंट पॉल कॉलेजची कमान. आणि तिच्यापासून जवळच एक बैठं, साधं कपेल, सेंट फ्रान्सिस झेवियरचं. एवढं मोठं कॉलेज गेलं, हे कपेल राहिलं. कॉलेज गेलं, कपेल राहिलं, एवढं धरून ठेवा, कारण मधे मी भरकटणार आहे.

कॉलेज सुरू झालं १५४१ साली. आधीचं नाव सांता फे. तिसवाडीतली देवळं तेव्हा पाडली गेली होती आणि त्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न या संस्थेच्या खर्चाला लावून दिलं होतं. हे वगळून या आवाराचा इतिहास सांगू नये, असं मला वाटतं. मे १५४२ मध्ये ख्रिस्ती धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले. हातात घंटा घेऊन रस्त्यानं वाजवत जायचे आणि पोरांना, गुलामांना गोळा करून प्रार्थना शिकवायचे. पुढं कॉलेज जेझुइटांकडे, म्हणजे झेवियर ज्या पंथाचे त्या पाद्र्यांकडे, आलं. त्यांची या कॉलेजशी एवढी ओळख जुळली, की आपल्याकडे त्यांना पावलिस्तच म्हणू लागले. मुलं कुठकुठली! इथली, मलबारची, आफ्रिकेतली. जपानहून आलेला आंजिरो १५४८ साली इथंच शिकत होता. कपेल १५४५ मध्ये होतंच, झेवियर तिथं प्रार्थना करत. रात्री कॉलेजच्या बागेत फिरताना झगा छातीवर उघडून ते म्हणायचे, ‘पुरे, प्रभू, पुरे,’ असं सांगतात.

आता माझी आवडती गोष्ट. ती चुन्यापासून सुरू होते.

३ डिसेंबर १५५२. चीनच्या किनाऱ्यालगत सांच्यान नावाचं बेट. चीनमध्ये परदेशी माणसाला मज्जाव, म्हणून झेवियर तिथं चोरून नेणाऱ्या नावेची वाट पाहत थांबलेले. नाव आली नाही, ताप आला. झोपडीतच वारले. जवळ होता अंतोनियो नावाचा चिनी सोबती. त्यानं पेटी आणवली, खाली चुना, वर चुना, मधे देह. पानाला बोटभर लावतो तसा नाही हो, पोत्यांनी! हेतू सरळ होता. चुन्यानं मांस लवकर झडेल आणि हाडं तरी गोव्याला नेता येतील. फेब्रुवारीत गलबत निघायची वेळ झाली तेव्हा पेटी उघडली. हाडं कसली, माणूस झोपल्यासारखा!

मग मलाक्का. तिथं पेटीशिवाय, नुसत्या मातीत पुरलं. ऑगस्टमध्ये पुन्हा उकरलं, पुन्हा तेच. म्हणजे चुना झाला, माती झाली, देह तसाच. मग पुन्हा गलबत. आणि मार्च १५५४ मध्ये, ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, देह गोव्याला लागला. व्हाइसरॉय स्वतः हजर, घंटा वाजताहेत, माणसांचा पूर लोटलेला. देह आणला कुठं? याच कॉलेजच्या आवारात, तिथल्या चर्चमध्ये. व्हाइसरॉयच्या वैद्यानं तपासून पाहिला. तीन दिवस दर्शन. पायाचं चुंबन घ्यायला ही रांग!

त्या रांगेत इझाबेल नावाची एक पोर्तुगीज बाई. तिची पाळी आली, ती वाकली. मागच्यांना वाटलं, बाई भक्तीनं रमली. बाई उठली, तोंड मिटून चालू लागली. आणि सांगतात, की उजव्या पायाचं करंगळीएवढं बोट तिच्या तोंडात होतं. चक्क दातांनी तोडलेलं! पायातून रक्त आलं, असंही सांगणारे सांगतात. खरं किती, मीठमसाला किती, तुम्हीच ठरवा. माझी आजी मात्र ही गोष्ट ऐकली की एकच म्हणायची, ‘तिला उपास होता ना, मग?’

आता थोडक्यात पुढचं. १५७० मध्ये साथ आली आणि ही जागा माणसांना नकोशी झाली. १६२२ साली झेवियर संत ठरले, कपेल त्यांच्या नावानं झालं. दोनच वर्षांनी देह बॉम जेझूसमध्ये गेला आणि गर्दीही त्याच्यामागून गेली. एकोणिसाव्या शतकात कॉलेजची पडकी इमारत पाडली. कपेलही पडलेलं, ते १८८४ मध्ये त्याच जागी पुन्हा बांधलं. कॉलेज गेलं, कपेल राहिलं, ते असं.

आणि हो, हिंदुस्थानातला पहिला छापखाना याच कॉलेजात बसला, १५५६ साली! निघाला होता आजच्या इथिओपियाला, म्हणजे तेव्हाच्या अॅबिसिनियाला, वाटेत गोव्यात अडकला तो अडकलाच. आपण मात्र छपाईचा इतिहास सांगायला घेतला की बंगालमधल्या सेरामपूरपासून सुरुवात करतो. साठ वर्षांनी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते राशोलला. मराठी ओव्या, पण लिपी रोमन. पाठ्यपुस्तकात यातलं चार ओळीही नीट नसतं. असो.

कपेलाच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, वर चुन्याचा गिलावा, लाकडी वाशांवर कौलं. एकच वेदी. जांभा उघडा राहिला की पावसात झिजतो, हे कोकणातल्या माणसाला मी काय सांगावं? तरी १९५० च्या दशकात बॉम जेझूसचा गिलावा काढून टाकला, भिंत जुनी दिसावी म्हणून! लाल भिंतीसमोर फोटो छान येतात, पण भिंतीला ते मानवत नाही. या कपेलाचा चुना अंगावर आहे, तो तेवढा राहू द्या.

गेल्या फेस्ताला, ३ डिसेंबरला, मी कपेलावरून चालत बॉम जेझूसच्या फेरीत, म्हणजे जत्रेत, आलो. एका बाईच्या टोपलीत मेणबत्त्या आणि मेणाचे हात, पाय, डोकी. ज्याचं जे दुखतं, ते त्यानं वाहायचं. मी एक पाय उचलून उलटसुलट पाहत होतो. बाईनं विचारलं, ‘पांय दुखता रे तुजो?’ मी म्हटलं, नाही, बोटं मोजतोय.

पाच होती.